जुन्या ऑफिस संगणकापासून गेम कन्सोल : पत्र्याची पेटी, वीजपुरवठा आणि अर्थिंग यांबाबत मदत हवी आहे

नमस्कार.

कोल्हापुरातील एका कार्यालयाने विक्रीस काढलेला लहान आकाराचा ब्रँडेड संगणक मी घेतला आहे. दिवाणखान्यातील टीव्हीला कायम जोडून ठेवता येईल असा घरगुती गेम कन्सोल त्यापासून तयार करावा, असा बेत आहे. बटण दाबले की थेट खेळांची यादी दिसावी आणि पुढचे सर्व कंट्रोलरवर व्हावे, एवढीच अपेक्षा आहे. कल्पना जगावेगळी नाही. २००१ सालच्या पहिल्या एक्सबॉक्समध्ये ७३३ मेगाहर्ट्झचा इंटेल प्रोसेसर, ६४ एमबी मेमरी आणि हार्ड डिस्क असा संगणकाचाच ऐवज होता.

माझ्या यंत्रात इंटेल कोअर आय५-६५०० हा चार कोअरचा, ६५ वॅटचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि एसएसडी आहे. वीजपुरवठ्याच्या डब्यावर (एसएमपीएस) १८० वॅट असे छापलेले आहे आणि त्याची जोडणी नेहमीच्या एटीएक्स, म्हणजे डेस्कटॉप संगणकांच्या प्रमाणित पद्धतीची नसल्यामुळे बाजारातील मोठा एसएमपीएस आणून सरळ बसवता येत नाही. त्यामुळे ग्राफिक्स कार्ड कमी उंचीचे आणि मदरबोर्डवरील स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटमध्येच भागणारे हवे. जीटीएक्स १६५० घेतले तर प्रोसेसर व कार्ड मिळून १४० वॅट होतात. मदरबोर्ड, पंखे आणि यूएसबीवर चार्ज होणारे कंट्रोलर धरले की आकडा १६५-१७० च्या घरात जातो, आणि दहा वर्षांच्या आसपास वय असलेल्या एसएमपीएसवर इतका भार टाकणे मला प्रशस्त वाटत नाही. आरएक्स ६४०० हे कार्ड ५३ वॅटचे आहे, परंतु ते पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या मार्गाच्या, केवळ चार लेन (पदरी) वापरते आणि माझा बोर्ड तिसऱ्या पिढीचा असल्याने त्याला चौथ्या पिढीच्या निम्माच वेग मिळेल.

ऑपरेटिंग सिस्टीमचा निर्णय जवळजवळ झाला आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि हा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही, म्हणून स्टीम या ऑनलाइन दुकानातील खेळांसाठी लिनक्सवर आधारित बझाइट आणि जुन्या खेळांसाठी पेनड्राइव्हवरून सुरू होणारे बटोसेरा वापरीन. व्हॅलोरंटसारखे खेळ लिनक्सवर चालत नाहीत, हे मुलांना सांगून झाले आहे आणि त्यावरची नाराजीही ऐकून झाली आहे.

खरी अडचण पेटीची आहे. मूळ कॅबिनेट टाकून देऊन, सर्व भाग नव्याने मांडून, उद्यमनगरातील एखाद्या वर्कशॉपमधून दीड मिलिमीटर पत्र्याची लेझरने कापलेली आणि पावडर कोटिंग केलेली पेटी करून घ्यावी, असे मनात आहे. लाकडी पेटी दिसायला चांगली, पण आमच्याकडच्या पावसाळ्यात प्लायवूड आणि एमडीएफ यांचे काय होते हे पाहिलेले असल्याने तिकडे मन वळत नाही. मात्र आमचे घर शिवाजी पेठेतील जुने आहे आणि टीव्हीजवळच्या सॉकेटला तिसरे भोक असले तरी त्यामागे अर्थिंगची वायर आहे की नाही, याची खात्री नाही. मुले ज्या पेटीला सतत हात लावणार, ती धातूची असावी का? आणि वीजपुरवठ्याच्या या मर्यादेत कोणते कार्ड निवडावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

कार्डापेक्षा आपला अर्थिंगचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. एसएमपीएसच्या फिल्टरमधील लहान कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून धातूच्या सांगाड्याला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर तो सांगाडा साधारण निम्म्या दाबावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. प्रवाह अत्यल्प असल्याने हाताला फक्त झिणझिण्या येतात, परंतु अशा स्थितीत चालू टीव्हीला एचडीएमआय केबल लावताना पोर्ट जळू शकतो; शिवाय आत कधी खरा बिघाड झाला, तर वीज वाहून नेणारा मार्गच नसतो. मल्टीमीटरवर फेज ते अर्थ सुमारे २३० व्होल्ट आणि न्यूट्रल ते अर्थ जेमतेम काही व्होल्ट दिसले, तरी तेवढ्यावर विसंबू नका. काही ठिकाणी सॉकेटमध्येच अर्थची पिन न्यूट्रलला जोडून ठेवलेली असते. मापन तेव्हाही निर्दोष दिसते आणि धोका मात्र दुप्पट असतो. परवानाधारक वायरमनकडून सॉकेट उघडून तपासून घ्या.

पेटी पत्र्याचीच करा, पण मूळ कॅबिनेट टाकू नका. त्याची जाडी नऊ-साडेनऊ सेंटिमीटरच असते, बोर्ड आणि एसएमपीएस त्यात आधीच नीट अर्थ झालेले असतात आणि प्रोसेसरवरून हवा नेणारे प्लॅस्टिकचे झाकणही त्याच मापाचे असते. बाहेरून फक्त नवे आवरण चढवा. पावडर कोटिंग वीजरोधक असते, त्यामुळे आवरण स्क्रूने बसवले म्हणजे ते अर्थ झाले असे समजू नये. एका जागी रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून, दोन्ही पत्रे वायरने जोडावे लागतील. खाली जाळीदार पत्रा व रबरी पाय, आणि मागे सावकाश फिरणारा १२० मिलिमीटरचा पंखा, एवढे हवेसाठी पुरते. टीव्हीच्या बंद कपाटात मात्र ही पेटी ठेवू नका, तीच गरम हवा पुन्हा आत ओढली जाईल.

कार्ड मी आरएक्स ६४०० घेईन. कमी लेनचा फटका बसतो तो मुख्यतः कार्डाची ४ जीबी मेमरी भरून वाहू लागली की. फुल एचडी टीव्हीवर टेक्स्चर (दृश्यांतील पृष्ठभागांचे तपशील) मध्यम ठेवले तर तो क्वचितच जाणवेल. वीजपुरवठ्याला वीसेक वॅटची उसंत मिळते आणि लिनक्सवर एएमडीचा ड्रायव्हर वेगळा घालावा लागत नाही.

धागाकर्ता :

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. मूळ कॅबिनेट आत ठेवण्याची सूचना पटली. त्यामुळे वर्कशॉपमधील कामही निम्म्यावर येईल. वायरमनने पाहून दिल्याशिवाय पत्र्याची ऑर्डर देणार नाही. आता एकच शंका उरली आहे. दुहेरी पत्र्यामुळे कंट्रोलरचा ब्लूटूथ सिग्नल अडेल असे वाटते, आणि यूएसबी ३ च्या पोर्टजवळ २.४ गिगाहर्ट्झवर गोंगाट होतो हेही वाचले आहे. म्हणून ब्लूटूथचा यूएसबी डोंगल लहानशा एक्स्टेन्शन केबलने पुढे आणून, आवरणाच्या दर्शनी भागात ॲक्रिलिकची पट्टी ठेवून तिच्यामागे बसवला, तर सहा-सात फुटांवरून अखंड चालेल का, की अँटेना बाहेरच काढावा?