परक्याच्या शेतातून न विचारता कसे चालायचे? इंग्लंडमधील पायवाटांविषयी माहिती हवी

सुदामानगरकर, इंदूर

सर्वांना नमस्कार. येत्या एप्रिलच्या मध्यापासून तीन महिने आम्ही उभयता मुलीकडे इंग्लंडला राहणार आहोत. तिचे घर बकिंगहॅमशायर परगण्यात, वेंडोव्हर या लहान गावाच्या कडेला आहे. मुलगी आणि जावई दिवसभर नोकरीवर असतात, त्यामुळे आमचे दिवस आम्हालाच भरून काढायचे आहेत. मी ६४ वर्षांचा असून रोज सकाळी पिपल्यापाला तलावाकाठी चार-पाच किलोमीटर चालतो. सौ.चा डावा गुडघा दुखरा आहे, त्यामुळे तिला मध्ये एकदा टेकावे लागते, परंतु चालण्याची हौस माझ्यापेक्षा तिलाच अधिक आहे.

जावयांचे म्हणणे असे की घरामागच्या फाटकातून बाहेर पडावे, दोन शेते ओलांडावीत, की थेट बीच वृक्षांच्या रानात शिरता येते. माझी अडचण नेमकी त्या दोन शेतांची आहे. माझे बालपण देवासजवळच्या खेड्यात गेले. तेथे दुसऱ्याच्या शेतात विनाकारण दिसणाऱ्या माणसाला "कोणाकडे आलात?" असा प्रश्न हमखास येतो, आणि हरभरा घाट्यांवर असेल तर तो जरा चढ्या आवाजात येतो. ज्याची ओळख ना पाळख अशा माणसाच्या शेतातून, तेही आपण पाहुण्याच्या व्हिसावर असताना, खुशाल चालत जाणे माझ्या मनाला पटत नाही. जावई "हक्क आहे" एवढेच सांगतात. हा हक्क नेमका कोणाचा, तो कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, वाटेवर पीक उभे असेल किंवा शेतात गुरे चरत असतील तर काय करायचे, हे कोणी अनुभवाने सांगितल्यास आभारी राहीन. बूट कोणते घ्यावेत हेही कळवावे.

मालवी वाटसरू

काका, मी त्याच परगण्यात नऊ वर्षे राहून इंदूरला परतलो आहे, आणि पहिले काही महिने मीही शेताच्या फाटकाला हात लावून माघारी फिरत असे, त्यामुळे आपला संकोच मला चांगलाच समजतो.

तेथील हक्क शेतावर नसतो, रेषेवर असतो. जमीन शेतकऱ्याची, परंतु तिच्यावरून जाणारी ठरावीक पायवाट कायद्याने सार्वजनिक रस्ताच मानली जाते. १९४९ च्या कायद्याने परगण्यांच्या कौन्सिलांना अशा सर्व वाटांचे अधिकृत नकाशे करावयास लावले, आणि त्या नकाशात वाट नोंदलेली असली की ती आहे याचा तोच निर्णायक पुरावा ठरतो. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा वाटांची लांबी सुमारे २,२५,००० किलोमीटर भरते. महात्मा गांधी मार्गावरून जाताना आपण प्रत्येक दुकानदाराची परवानगी घेत नाही, तसेच हे आहे. आपल्या मुलीच्या गावाजवळच चेकर्स नावाचा वाडा आहे, जो ब्रिटनच्या पंतप्रधानांचे ग्रामीण निवासस्थान आहे. रिजवे नावाची १३९ किलोमीटरची जुनी वाट त्याच्या आवारातून जाते आणि वाड्याकडे नेणारा रस्ता चक्क आडवा ओलांडते. तेथे कॅमेरे आणि इशाऱ्याचे फलक आहेत, परंतु वाट बंद नाही.

वाट ओळखण्यासाठी लाकडी खांबांवरचे बाण पाहावेत. पिवळा बाण केवळ पायी जाणाऱ्यांचा, निळा बाण घोडे आणि सायकली यांनाही मोकळा असलेल्या वाटेचा. सोबत ऑर्डनन्स सर्व्हे या तेथील सरकारी नकाशा संस्थेचा नारिंगी वेष्टनाचा, १:२५,००० प्रमाणाचा नकाशा अवश्य घ्यावा. त्यात शेतांची कुंपणेसुद्धा दिसतात, त्यामुळे आपण कोणत्या शेताच्या कोणत्या कोपऱ्यात आहोत हे कळते. त्यावरील हिरव्या तुटक रेषा म्हणजे हक्काच्या वाटा. काळ्या तुटक रेषा म्हणजे जमिनीवर वाट दिसते, पण हक्क असेलच असे नाही. हा फरक मला पाठ नव्हता तेव्हा मी एक काळी रेषा धरून एका घराच्या मागच्या अंगणात, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसमोर जाऊन उभा राहिलो होतो. घरातील वृद्ध बाईंनी अवाक्षर न बोलता बोटाने कुंपणापलीकडची खरी वाट दाखविली.

आता पिकाविषयी. शेताच्या मधून जाणारी वाट शेतकऱ्याला नांगरता येते, परंतु पेरणीसाठी ती मोडली तर १४ दिवसांत किमान एक मीटर रुंदीची वाट पुन्हा स्पष्ट करून देणे त्याच्यावर बंधनकारक असते. कडेने जाणारी वाट तर त्याला नांगरताच येत नाही. बहुतेक जण ट्रॅक्टर फिरवून छान पट्टा काढून देतात. एखाद्याने काढला नसेल तर नकाशातील रेषेवरून, एकामागे एक, पिकातून सरळ चालावे. येथे आपल्या माणसांची गंमत होते. उभा गहू तुडवणे जिवावर येते म्हणून आपण सभ्यपणे बांधाकडेने वळसा घालतो, आणि तसे करताना हक्काच्या वाटेवरून उतरून खरोखरच परक्याच्या शेतात शिरतो. असे चुकून शिरणे सहसा फौजदारी गुन्हा ठरत नाही, परंतु शेतकरी हटकू शकतो आणि तेव्हा तो बरोबर असतो.

वेळ आपण उत्तम निवडली आहे. एप्रिलच्या उत्तरार्धात बीचच्या रानात ब्लूबेल नावाची निळी रानफुले फुललेली असतात. वरची पालवी दाट होऊन जमिनीवरचे ऊन अडविण्याआधी ही फुले आपले सगळे उरकून घेतात, त्यामुळे तीन-चार आठवड्यांत खेळ संपतो. त्याच सुमारास रेपसीडची शेते पिवळीधमक होतात. हे पीक आपल्या मोहरीचेच नातलग आहे. गहू मात्र त्या वेळी घोट्याच्या थोडा वर असेल, आणि आपण जुलैत परत निघाल तेव्हाही उभाच असेल, कारण तेथे कापणी ऑगस्टच्या आसपास होते. डोक्यावर लाल घारी शीळ घालत फिरतील. इंग्लंडमधून त्या एकोणिसाव्या शतकात नाहीशा झाल्या होत्या, आणि १९८९ पासून मुख्यतः स्पेनहून पिल्ले आणून याच चिल्टर्न टेकड्यांत सोडण्यात आली.

जुना महसुली

वरील प्रतिसाद वाचून राहवले नाही. माझी सारी नोकरी मध्य प्रदेशाच्या महसूल खात्यात, शेतरस्त्यांचे तंटे ऐकण्यात गेली. आपल्याकडेही हा विषय नवा नाही. १९५९ च्या भू-राजस्व संहितेच्या कलम १३१ प्रमाणे, शेतात किंवा चराईच्या जमिनीवर जाण्याच्या वाटेविषयी वाद झाला तर तहसीलदार मौक्यावर चौकशी करून पूर्वापार वहिवाट पाहतो आणि निर्णय देतो. गावाच्या वाजिब-उल-अर्जमध्येही, म्हणजे गावातील रूढींच्या नोंदवहीतही, रस्त्याच्या वहिवाटीची नोंद करण्याची तरतूद आहे. सुखाधिकाराच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरून जाण्यासारख्या हक्कांच्या, १८८२ च्या कायद्यात सलग वीस वर्षांच्या उपभोगाची अट आहे. इंग्लंडच्या १९८० च्या महामार्ग कायद्यातही वीसच वर्षे आहेत. लोक एखाद्या वाटेने वीस वर्षे अडथळ्याविना आणि हक्काने चालत राहिले, तर मालकाने ती लोकांना दिली असे मानले जाते. मालकाला ते नको असेल तर तसा फलक लावून किंवा कौन्सिलकडे लेखी निवेदन देऊन त्याने आपला नकार आधीच नोंदवायचा असतो.

फरक आहे तो हक्क कोणाचा यात. माझ्यासमोर येणारा अर्जदार म्हणत असे की माझे शेत त्या पलीकडे आहे, म्हणून मला वाट द्या. म्हणजे हक्क गरजेला आणि जमिनीला चिकटलेला. तेथील पायवाटेचा हक्क कोणत्याही शेताला चिकटलेला नाही. तो चालणाऱ्या कोणाही माणसाचा आहे, आणि त्यात इंदूरहून आलेले, पलीकडे एक बिघाही जमीन नसलेले आपण दोघेही आलात. मुळात या वाटाही गरजेच्याच होत्या. शेतावरून चर्चला, गिरणीला, बाजाराला जाण्याच्या. म्हणूनच आजही बऱ्याच वाटा चर्चच्या दाराशी निघतात. गरज संपली तरी वाट राहिली.

हे सारे गोडीगुलाबीने झाले असे मात्र समजू नये. शिकारीसाठी राखलेल्या माळरानांवर चालता यावे म्हणून २४ एप्रिल १९३२ रोजी डर्बीशायरमधील किंडर स्काउट या पठारावर काही शे लोक मुद्दाम घुसले, आणि त्यांतील पाच जणांना तुरुंगात जावे लागले. डोंगर, माळ आणि नोंदलेली गायराने यांवर रेषा सोडूनही फिरण्याची मुभा मिळण्यासाठी पुढे २००० सालचा कायदा यावा लागला. शेतजमिनीला ती मुभा नाही. स्कॉटलंडचा कायदा निराळा आणि अधिक उदार आहे, तो येथे लावू नये.

रानजाई, लोकमान्यनगर

गुरांविषयी मी लिहिते, कारण तो धडा मी स्वतः घेतला आहे. आपण इंदूरची माणसे गायीला घाबरत नाही. राजवाड्यामागच्या गल्लीत आडवी बसलेली गाय आपण "हट्" म्हणून सारतो आणि पुढे जातो. हा आत्मविश्वास विमानतळावरच ठेवून जावा. डेव्हनमध्ये मी भाचीच्या कुत्र्याला दोरीने धरून एका कुरणातून चालले होते. दूर टोकाला चरणाऱ्या पंधरा-वीस कालवडींनी एकदम माना वर केल्या आणि त्या सगळ्या दुडक्या चालीने आमच्या दिशेने निघाल्या. आधी मला कौतुक वाटले. मग जमिनीची थरथर पायांना जाणवली. कुत्रा भुंकू लागला तशा त्या अधिकच जवळ आल्या. कुंपणापलीकडून एक शेतकरी ओरडला की कुत्र्याला सोडा. मी दोरी सोडली, कुत्रा तिरासारखा पळाला, कालवडी त्याच्यामागे वळल्या आणि मी फाटकाशी पोहोचले. अशा वेळी त्यांचा रोख सहसा माणसापेक्षा कुत्र्यावर असतो, हे मला नंतर कळले.

तेव्हा मुलीकडे कुत्रा असला तरी गुरांच्या शेतात नेऊ नये. वासरांसह गायी असतील तर त्यांच्या मधून जाऊ नये, लांबून, न पळता, शांतपणे जावे. अशा वेळी थोडा वळसा घेतला तरी हरकत नाही. दहा महिन्यांवरील दुभत्या जातीचा वळू वाटेच्या शेतात सोडण्यास बंदी आहे. मांसाच्या जातीचा वळू गायींबरोबर असू शकतो. फाटक ज्या स्थितीत आढळेल त्याच स्थितीत सोडावे, म्हणजे बंद असेल तर बंद, आणि मुद्दाम उघडे बांधून ठेवले असेल तर उघडेच.

एक बाब वर कोणी लिहिली नाही, ती गोचिडीची. उंच गवतातून चालताना पायजमा मोज्यांत खोचावा आणि घरी आल्यावर गुडघ्यांच्या मागे, कमरेशी नीट पाहावे. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी. पुढील काही आठवड्यांत त्या जागी लाली पसरत गेली तर डॉक्टरांना दाखवावे, कारण तिच्यामुळे लाइम नावाचा आजार होऊ शकतो.

सुदामानगरकर, इंदूर

तिघांचेही मनःपूर्वक आभार. वहिवाटीचा खुलासा वाचून मनावरचे ओझे उतरले. सौ. विचारते की कुंपणे ओलांडण्यासाठी चढावे लागते का? फोटोंत लाकडी पायऱ्या दिसल्या, आणि तिला दोन पायऱ्यांपेक्षा अधिक उंच पाऊल टाकवत नाही.

मालवी वाटसरू

काकूंची शंका महत्त्वाची आहे. त्या पायऱ्यांना स्टाइल म्हणतात. कुंपणातून आरपार एक-दोन आडव्या फळ्या बसविलेल्या असतात, त्यांवर चढून वरच्या दांडीवरून एक पाय पलीकडे टाकावा लागतो, आणि दुखऱ्या गुडघ्याला त्रास होतो तो त्या क्षणी. पावसानंतर फळी शेवाळाने निसरडीही होते. अलीकडे पुष्कळ ठिकाणी त्या काढून फाटके बसविली आहेत. त्यातले किसिंग गेट अर्धगोल कठड्यात झुलते, त्यातून एका वेळी एकच माणूस वळून जातो आणि जनावर अडते. (नाव ऐकून लाजण्याचे कारण नाही, फाटक दोन्ही बाजूंना नुसते टेकते म्हणून ते नाव.)

सुरुवात शेतांनी करूच नये. वेंडोव्हरमधून कालव्याची एक जुनी शाखा निघते. तिच्या काठाने हॉल्टन गावापर्यंतची वाट सपाट आहे, आणि जाऊन-येऊन पाचेक किलोमीटर होतात. पूर्वी घोडे या वाटेने नावा ओढीत, त्यामुळे तिला चढ नाही. आठवडाभर ती केल्यावर जावयांच्या त्या दोन शेतांत तुम्ही एकटे जाऊन किती स्टाइल आहेत ते मोजून यावे आणि मगच काकूंना न्यावे. बुटांचे म्हणाल तर घोटा झाकणारे, खोल खाचांच्या तळव्याचे आणि पाणी न शिरणारे घ्यावेत, ते येथेच घेऊन रालामंडलच्या टेकडीवर महिनाभर वापरावेत. तेथील खडूची माती आपल्या काळ्या मातीसारखी बुटाला ढेकूळ धरत नाही, पण ओली झाली की साबणासारखी सरकते, म्हणून उतारावर काकूंच्या हाती काठी असू द्यावी.