उलटतपासणी म्हणजे पाठांतर नव्हे

आपल्या गोव्यातल्या कायद्याच्या मुलांनी अभिरूप खटल्याच्या (म्हणजे साक्षीदार तपासून चालवलेल्या सरावाच्या खटल्याच्या) स्पर्धेत मिळवलेलं यश म्हणजे 'पाठ केलेलं नाटक', असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं. मला ते अजिबात पटलं नाही. मूट कोर्ट ही वेगळी स्पर्धा, तिथे काल्पनिक प्रकरणात फक्त कायद्यावर युक्तिवाद असतो. अभिरूप खटल्यात साक्षीदार समोर उभा असतो आणि तो काय उत्तर देईल याचा नेम नसतो.

माझी भाची म्हापशाला घरी सराव करायची, तेव्हा साक्षीदार मी. पोलिसांपुढच्या जबाबात 'काळोख होता', आणि मी सांगत होतो, चेहरा स्पष्ट दिसला. पहिल्या दिवशी ती एकदम म्हणाली, "तुम्ही खोटं बोलताय!" मी सरळ नाही म्हटलं, संपलं. चार दिवसांनी तिने आधी तीन वेळा 'हो' वदवून घेतलं: दिवा नव्हता, पाऊस होता, चष्मा घरी होता. मग जबाब पुढे ठेवला. मला खरंच बोलता येईना.

त्यात १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, म्हणजे पुराव्याचा नवा कायदा, लागू झाला. जबाबातली विसंगती दाखवायचं जुन्या पुरावा कायद्यातलं कलम १४५, नव्यात १४८. शिवाय आपल्याकडे साक्षीदार बोलतो कोंकणीत आणि नोंद बहुधा इंग्रजीत होते. 'दिसलो' (दिसला) आणि 'दिसल्यासारको जालो' (दिसल्यासारखा वाटला) यातला फरक त्या नोंदीत टिकवायला ही मुलं आत्तापासून शिकतायत. त्यांचं मनापासून अभिनंदन.