ग्रहण नव्हे, पहिले २८ दिवस

एका ताईंनी लिहिलंय, की ग्रहणात विळीवर भाजी चिरली म्हणून बाळाच्या पाठीवर गाठ आली. आमच्या देवगडला माझ्या वहिनीलाही हेच ऐकवलं. बाळाच्या कमरेवर लिंबाएवढी, पातळ कातडीची गाठ. ती विळीकडे बघून रडायची. तिचा काहीएक दोष नव्हता हो!

मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतात, ती गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत मिटते. ती नीट मिटली नाही, की पाठीवर अशी गाठ येते. तोवर कित्येकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. म्हणून ही नळी नीट मिटायला मदत करणाऱ्या फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वाची रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी गर्भ राहण्याच्या निदान महिनाभर आधीपासून हवी. कुळथाची पिठी, माठाची भाजी खावीच, पण तेवढ्याने भागत नाही. आधीच्या बाळाला असा दोष असेल तर डोस बराच मोठा लागतो, तो डॉक्टरांनाच विचारा. वहिनीने दुसऱ्या खेपेला तीन महिने आधी गोळी सुरू केली.