स्पेलिंगचे सॉफ्टवेअर निवडताना

अक्षरे ओढून रिकाम्या चौकटींत बसवण्याच्या खेळांमधून लहान मुले खरोखर स्पेलिंग शिकतात का, या प्रश्नावर थोडी भर घालतो. समोर सी, ए आणि टी ही तीनच अक्षरे मांडून 'कॅट' जुळवायला सांगितले, तर मूल अदलाबदल करत उत्तरापर्यंत पोहोचते. शब्द आठवावा लागतच नाही. त्यापेक्षा शब्द ऐकवून तो टंकायला लावणारे सॉफ्टवेअर मला अधिक उपयुक्त वाटते. ही कल्पना तशी जुनीच आहे: टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९७८ मध्ये आणलेले 'स्पीक अँड स्पेल' हे खेळणे चिपच्या साहाय्याने शब्द उच्चारून मुलांकडून त्याचे स्पेलिंग बटणांवर टिपून घेत असे.

मात्र उत्तर चुकल्यावर सॉफ्टवेअर काय करते, हे आधी तपासावे. 'शिप'साठी मुलाने एस, आय, पी असे टंकले, तर नुसता भोंगा वाजवण्यापेक्षा पहिला ध्वनी पुन्हा ऐकवून 'एस'पुढची मोकळी जागा दाखवणे आणि तोच शब्द काही वेळाने, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारणे कितीतरी हिताचे. (बरोबर उत्तरावर पडद्यावर उडणारे फुगे आणि वाजणाऱ्या टाळ्या बहुधा पालकांसाठीच असतात.) सरावाच्या वेळी स्वयंचलित दुरुस्तीची सोय बंद ठेवावी, हे ओघाने आलेच.