मदत हवी आहे: पेरोनीज निघाला, नागपुरात ऑपरेशन कुठं करू?

सावजी_बंद: नाव सांगत नाही, समजून घ्या. डॉक्टरनं चिठ्ठीवर पेरोनीज लिहिलं, म्हणजे ताठर झाल्यावर लिंग वाकडं होते तो आजार, गोळ्या दिल्या अन् दोन मिनिटात बाहेर. गोळ्यांनी काही होऊन नाही राहिलं, वाकडं ते वाकडंच. मले फक्त एवढं सांगा ऑपरेशन कोण चांगलं करते अन् खर्च किती. लेक्चर नको, गुगल वाचून डोकं आधीच फिरलं आहे.

तर्री_मारके: भाऊ वय काय, कधीपासून, कोणत्या बाजूला वाकते, दुखते का, शुगर आहे का? काही न सांगता डायरेक्ट खर्च विचारून राहिले.

सावजी_बंद: ४८. वरच्या बाजूला. उन्हाळ्यापासून. ऑपरेशनचं सांगा ना कोणी.

घाण्याचं_तेल: कापाकापीच्या भानगडीत पडूच नका. कोमट तीळतेल, रात्री झोपताना मालिश. माझ्या साडूला शंभर टक्के फरक.

बुटीबोरी_शिफ्ट: साडूले पेरोनीजच होता हे कोणी तपासलं? मी स्वतः यातून गेलो म्हणून सांगतो. या आजारात जो कडक व्रण होते तो कातडीत नसते, आत जे टणक आवरण असते ना, ट्युनिका अल्ब्युजिनिया, त्याच्यात असते. सायकलच्या ट्यूबले एका बाजूनं जाड थिगळ लावून हवा भरा, थिगळाची बाजू ताणत नाही अन् ट्यूब तिकडेच वळते, तसंच हे. तेल तिथवर पोचत नाही, जोरात चोळलं तर उलट नवीन इजा.

घाण्याचं_तेल: आजकालचं जेवण, मोबाईल, त्याच्यानं हे सगळे आजार आले. आधी ऐकलं होतं का कोणी?

तर्री_मारके: ज्याच्या नावावर हा आजार आहे तो पेरोनी फ्रान्सच्या राजाचा सर्जन होता, १७४३ मध्ये लिहून गेला. तेव्हा कोणता मोबाईल होता काका?

वर्धारोडवाला: मलाही झालं होतं हे. कातडी पांढरी पडली, मागे सरकेना, भेगा पडायच्या. क्लोबेटासोल मलम लावलं, नंतर सुंता करून घेतली, आता मस्त. तुम्ही पण मलम मागा.

बुटीबोरी_शिफ्ट: ते बीएक्सओ, कातडीचा रोग. यांचं वेगळं. @सावजी_बंद, मलम नका लावू यासाठी. अन् मेन गोष्ट सांगा, दुखते का अजून?

सावजी_बंद: हो, ताठर झाल्यावर दुखते. वरून बोटाला गाठ लागते, तुरीच्या दाण्यापेक्षा मोठी. कॅन्सर तर नाही ना? हे कोणाला विचारायचीही लाज वाटते.

बुटीबोरी_शिफ्ट: पेरोनीजची गाठ कॅन्सर नसते, पण गाठ तीच आहे हे युरोलॉजिस्टच्या, म्हणजे मूत्ररोगाच्या डॉक्टरच्या, हातानं ठरू द्या. दुखते म्हणजे आजार अजून चालू अवस्थेत असेल, त्यात कोणी समजदार सर्जन ऑपरेशन करत नाही. दुखणं बहुतेकांचं आपोआप जाते, वाक मात्र सहसा राहते. तो निदान तीन ते सहा महिने जसाच्या तसा राहिला तर मग ऑपरेशन. प्लायकेशनमध्ये विरुद्ध बाजूनं टाके घेऊन सरळ करतात, लांबी थोडी कमी होते, हे आधीच विचारून घ्या नाहीतर नंतर भांडण. वाक जास्त असला तर ग्राफ्ट, म्हणजे व्रणाच्या जागी दुसरा तुकडा जोडतात, त्यात ताठरता कमी व्हायचा धोका जास्त. ताठरतेच्या गोळीनंही ताठरता येत नसेल तर इम्प्लांट, म्हणजे आत कृत्रिम दांडी बसवतात. अन् जर संबंधाला काही अडचण नसेल तर काहीच न करणं हाही इलाजच आहे.

लिंबू_सरबत: व्हिटॅमिन ई घ्या, मी घेतो.

तर्री_मारके: अमेरिकन युरोलॉजीवाल्यांच्या गाईडलाईनमध्ये स्पष्ट आहे, पेरोनीजसाठी व्हिटॅमिन ई देऊ नका म्हणून.

लिंबू_सरबत: मला फायदा झाला, गाईडलाईनला नाही. अन् इंजेक्शन असते ना याचं?

तर्री_मारके: असते. गाठीत व्हेरापामिल नावाचं औषध देतात, गाठ विरघळवणाऱ्या कोलॅजिनेजला अमेरिकेत २०१३ मध्ये मंजुरी मिळाली, पण तेही वाक स्थिर झाल्यावर अन् ३० डिग्रीच्या वर असला तरच. तुम्हाला फायदा कशाचा झाला, आपोआप दुखणं गेलं असेल.

रामदासपेठ_ताई: बायको म्हणून लिहिते. आमच्या ह्यांनी कित्येक महिने सांगितलंच नाही, हॉलमध्ये टीव्ही लावून तिथेच झोपायचे. मी भलताच संशय घेऊन बसले होते. दादा, घरी सांगितलं का? डॉक्टरकडे दोघं जा, मीच जास्त प्रश्न विचारले होते.

सावजी_बंद: नाही सांगितलं ताई. शुगर बॉर्डरला आहे, ते लिहायचं राहिलं. बाबांची अनामिका पण वाकलेली आहे, सरळ होत नाही, पण त्याचा काय संबंध म्हणा.

बुटीबोरी_शिफ्ट: संबंध आहे ना भाऊ! तो बहुतेक ड्युप्युट्रेन, तळहातातला तसाच व्रण, घराण्यात चालते अन् पेरोनीजवाल्यांत जास्त सापडते. तुमचा तळहात टेबलावर सपाट टेकते का पाहा. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या शुगरची तपासणी, करून घ्या. अन् घरीच, ताठर असताना वरून आणि बाजूनं फोटो काढा, डॉक्टरले वाक त्याच्यातच समजते. सरकारी मेडिकलच्या सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलात युरोलॉजी आहे, मिहानच्या एम्समध्ये पण. पाटी लावून बसलेल्या गुप्तरोगवाल्याकडे जाऊ नका.

वर्धारोडवाला: धंतोलीत प्रायव्हेटला जाल तर गाडी नेऊ नका, पार्किंगलाच अर्धा तास जाते.

तर्री_मारके: मेट्रोनं जा, मुंजे चौकाला उतरा.

सावजी_बंद: हात टेकते सपाट. ठीक आहे, शनिवारी दाखवतो, बायकोलाही सांगतो. पण फोटो ठेवू कुठं, पोरगी माझ्याच मोबाईलवर गेम खेळते.

तर्री_मारके: लॉक फोल्डरमध्ये. अन् आधी बॅकअप बंद करा, नाहीतर घरच्या टीव्हीवर स्लाईडशो चालू होईल.