पेन्सिलीच्या व्यक्तिचित्रात रंग कसा भरावा?

प्रश्न (फोंडा)
आजीचे व्यक्तिचित्र मी ए३ आकाराच्या कार्ट्रिज पेपरवर काढले आहे. २बी ते ८बी पेन्सिलींनी शेडिंग पूर्ण झाले असून चेहराही बऱ्यापैकी साधला आहे. आता अंबाड्यातला अबोलीचा वळेसर (गजरा), कपाळावरचे कुंकू आणि जमल्यास चेहराही रंगवावा असे मनात आहे. मात्र गालावर रंगीत पेन्सिल फिरवून पाहिली, तेव्हा त्वचेचा रंग येण्याऐवजी राखाडी मळ पसरला आणि मी हात आवरता घेतला. काय करावे?

उत्तर (म्हापसा)
कागदावरचे ग्राफाइट (पेन्सिलीचे शिसे) सुटे असते; ते रंगीत पेन्सिलीच्या टोकाला लागून रंगात मिसळते, त्यामुळे हा मळ दिसतो. शिवाय ८बीने घोटलेल्या जागी कागदाचे दाणे भरून गेलेले असतात आणि मेणयुक्त पेन्सिलीला तिथे पकड मिळत नाही. मळून मऊ केलेला पुटी रबर त्या जागी नुसता टेकवून उचलावा, घासू नये. त्यानंतर फिक्सेटिव्हचे (ग्राफाइट कागदावर पक्के बसवणाऱ्या फवाऱ्याचे) दोन-तीन हलके थर द्यावेत आणि प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यावा. फवारणी मोकळ्या हवेत करावी, पण आपल्याकडच्या भर पावसात नव्हे, कारण दमट हवेत त्या थरावर पांढुरकी झाक येऊ शकते. उघडीप मिळेपर्यंत थांबलेले बरे.

उत्तर (मडगाव)
वरील सूचना योग्यच आहेत, परंतु माझ्या मते चेहऱ्याला रंग लावूच नये. गालाची सावली ग्राफाइटने आधीच सांगून टाकली आहे. तिच्यावर रंग चढवला की मान, कान आणि हातही रंग मागू लागतात. सावळ्या त्वचेच्या सावल्या राखाडी नसतात, हे पाहायचे असेल तर पणजीत फोंतेन्हास येथे फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेकडे असलेली गोमंतकीय चित्रकार अंतोनियो शावियर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांची व्यक्तिचित्रे अवश्य पाहावीत.

वळेसर आणि कुंकू एवढेच रंगवा. अबोली निव्वळ नारिंगी नसते. फिकट नारिंगीवर गुलाबीचा अगदी हलका हात फिरवला तरच ती अबोली वाटते, नाहीतर झेंडू होतो! पाकळ्यांवरचे ग्राफाइट मात्र आधी शक्य तितके उचलून घ्या. जलरंगाच्या वाटेला जाऊ नका, कारण कार्ट्रिज पेपर पाण्याने फुगतो. पूर्ण रंगीत चित्रच हवे असेल, तर हे चित्र खिडकीच्या काचेवर धरून ३०० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) जाड कागदावर एचबीने फक्त बाह्यरेषा उतरवून घ्याव्या आणि सावल्या रंगानेच घडवाव्या.

प्रश्नकर्ता (फोंडा)
आभारी आहे. मूळ चित्राला हात लावण्यापूर्वी लेझर प्रिंटरवर त्याची प्रत काढून तिच्यावर वळेसर रंगवून पाहिला. टोनर सुटत नसल्यामुळे रंग स्वच्छ आला, पण पहिला प्रयत्न झेंडूच झाला. गालावर पसरलेला मळ पुटी रबराने बराच निघाला असून चेहरा आता तसाच ठेवणार आहे.