नोंदणीकृत हिअरफर्ड कालवड पहिल्यांदाच प्रदर्शनात उतरवायची आहे: म्होरकी, खुराक, केस, कागद

कुरणवाले (प्रश्न)

नमस्कार मंडळी. रँचवर हिअरफर्ड या विलायती जातीच्या गायींचा छोटा कळप आहे, सगळी जनावरे नोंदणीकृत. त्यातली एक कालवड चार महिन्यांनी रिंगणात न्यायची आहे. वय आठ महिने, वजन 250 किलोच्या आसपास, दूध तोडून दीड महिना झाला. रिंगणात बारा वर्षांची मुलगी धरणार, बाकी घर तिच्या मदतीला.

म्होरकी घातली की कालवड चारही पाय रोवून उभी राहते. ओढले की मागे रेटते, फारच ओढले तर बसकण मारते. आंबोण (दाणा-पेंडीचा खुराक) किती द्यावे यावर घरात दोन मते आहेत. पाठीवर आणि मानेवर केस विरळ आहेत. कानातले गोंदणही पुसट झाले आहे, नंबर धड वाचता येत नाही. आधी कशाला हात घालावा?

दावणीवरून

आधी म्होरकी, कारण तिला वेळ लागतो आणि घाईने ती बिघडते.

सवयीसाठी दोरीची साधी म्होरकी वापरा. हनुवटीखाली साखळी असलेली चामड्याची म्होरकी रिंगणासाठी असते. तिने बांधू नका आणि रोजच्या सरावालाही ती नको; साखळीची सवय झाली की रिंगणात तिचा इशारा लागत नाही. म्होरकीची नाकावरची पट्टी डोळ्यांच्या थोडी खाली, नाकाच्या हाडावर बसली पाहिजे. ती घसरून नाकपुडीजवळच्या मऊ भागावर आली की श्वास कोंडतो आणि जनावर घाबरून मागे रेटते. तुमच्याकडे हेच होत नाही ना, ते आधी बघा.

पहिले तीन-चार दिवस म्होरकी घालून दोरी लोंबती ठेवा आणि कालवडीला लहान, आडोसे-खिळे नसलेल्या कुंपणात मोकळी सोडा. मात्र तिच्यावर नजर असू द्या. स्वतःच्या दोरीवर पाय पडला की मान खेचली जाते, पाय उचलला की ताण सुटतो. ताण कसा सुटतो हे ती आपले आपण शिकते. मग बांधायला घ्या. गाठ तिच्या डोक्याच्या उंचीवर आणि दोरी 45 ते 60 सेंटिमीटरच सैल. लांब दोरीत पाय अडकतो, खाली बांधले तर ती खांद्याचा सगळा जोर लावते. गाठ एका ओढीत सुटणारीच हवी. पहिल्या दिवशी वीस मिनिटे, मग वाढवत तासभर, आणि पूर्ण वेळ कुणीतरी जवळ हवे.

चालवताना सरळ पुढे ओढू नका. पाय रोवलेल्या जनावराला आपण ताकदीने हलवू शकत नाही. दोरी किंचित बाजूला घ्या म्हणजे तिचा तोल जातो आणि पाऊल उचलावेच लागते. पाऊल पडले रे पडले की त्याच क्षणी दोरी सैल. सगळी विद्या त्या सैल सोडण्यात आहे. ओढ तशीच राहिली तर पुढे जाऊन काय मिळाले, हे तिला कळणार कसे? पाणी पाजायला नेताना सराव करा, जाताना ती आपणहून चालते.

बसकण मारली की ओढाओढ आणि आरडाओरडा दोन्ही बंद. मान अवघडणार नाही इतकी दोरी सोडा आणि ती उठेपर्यंत थांबा.

मुलीला एक गोष्ट रोज बजावा: दोरी हाताला किंवा मनगटाला कधीही गुंडाळायची नाही. जास्तीची दोरी घड्या करून मुठीत धरायची.

वैरण_आंबोण

ही पैदाशीची कालवड आहे, तिला गोऱ्ह्यासारखी फुगवू नका. या वयात अति खुराक दिला तर कासेत चरबी साठते आणि दुधाच्या गाठीची वाढ खुंटते. पुढे श्रोणीत चरबी राहिली तर विताना अडते. रिंगणात चार महिने छान दिसेल, पण गाय म्हणून कमी पडेल.

हिशेब साधा आहे. एकूण कोरडा आहार वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे आता सव्वासहा किलो. त्यात आंबोण अडीच ते तीन किलो, प्रथिने 14 टक्के, दोन वेळांत विभागून. उरलेले चांगले वाळलेले गवत. रोजची वाढ 800 ग्रॅमच्या आसपास राहिली तर प्रदर्शनाला ती 345 किलोच्या घरात असेल. मोठेपणी 600 किलोची गाय होणार असेल तर 65 टक्के, म्हणजे 390 किलोला भरवता (गाभण करून घेता) येते, आणि हे वजन 14-15 महिन्यांना येईल. शरीरस्थिती नऊच्या मोजपट्टीवर (1 हडकुळी, 9 अति लठ्ठ) साडेपाच-सहा पुरे. शेपटीच्या मुळाशी चरबीचे गोळे दिसायला लागले की आंबोण कमी करा.

आंबोण एकदम वाढवू नये, दर तीन-चार दिवसांनी अर्धा किलो. एका फटक्यात वाढवले तर पोटात आम्ल होते, शेण पातळ व राखाडी पडते, ती खाणे सोडते आणि पुढे खूर दुखायला लागतात. गवत आधी, आंबोण नंतर. मीठ आणि खनिज मिश्रण कायम समोर.

परक्या जागच्या पाण्याला वास वेगळा लागला की जनावर तोंड फिरवते आणि दोन दिवसांत पोट खपाटीला जाते. निघण्याआधी आठवडाभर पाण्यात थोडी मळी घालून सवय लावा. तिथेही तीच मळी, तीच बादली.

हर्डबुक

केसांबद्दल मी जरा सावध करतो. विरळ केस म्हटले की सगळे धुण्या-विंचरण्याकडे वळतात, पण आधी कारण शोधा. मानेवर आणि पाठीच्या कण्यावर केस दुभंगून दिवसाउजेडी कातडी बघा. थंडीत उवा तिथेच असतात आणि जनावर खांबाला अंग घासून केस घालवते. लाल रंग पिवळट पडत असेल, विशेषतः डोळ्यांभोवती, तर तांब्याची कमतरता असू शकते. पशुवैद्याकडून तपासूनच पूरक द्या, तांबे जास्त झाले तर विषारी ठरते. गोल, खवल्यांचा चट्टा असेल तर नायटा. तो असताना प्रदर्शनाच्या तपासणीतूनच परत पाठवतात.

आणि हिअरफर्डमध्ये हायपोट्रायकोसिस नावाचा आनुवंशिक दोष आहे. केस जन्मापासून विरळ, बारीक, कुरळे असतात आणि घासून सहज जातात. दोष अप्रभावी आहे, म्हणजे आई-बाप दोघे वाहक असले तरच वासरात दिसतो. वळूच्या नोंदीत चाचणीचा निकाल आहे का बघा, नसेल तर कालवडीचा डीएनए नमुना पाठवा. इडिओपॅथिक एपिलेप्सी, डायल्यूटर आणि मेपल सिरप युरिन डिसीज या दुसऱ्या आनुवंशिक दोषांच्या चाचण्याही त्याच वेळी उरकतात.

गोंदणासाठी कान अल्कोहोलने पुसून मेण काढा. अंधारात कानाच्या मागून टॉर्च लावा, अक्षरे उजळलेल्या कातडीत गडद उठून दिसतात. उत्तर अमेरिकेतल्या पद्धतीत वर्षाला अक्षर असते, 2024 ला एम आणि 2025 ला एन. आय, ओ, क्यू आणि व्ही वगळतात, कारण ती आकड्यांशी किंवा दुसऱ्या अक्षरांशी घोटाळतात. तरीही वाचता आले नाही तर परस्पर पुन्हा गोंदू नका, आधी नोंदणी संस्थेला कळवा. कागदावरचा आणि कानातला नंबर जुळला नाही तर जनावर कितीही सुंदर असले तरी रिंगणाबाहेर.

कुरणवाले

टॉर्चने शेवटचा आकडा सोडून सगळे वाचता आले, संस्थेला लिहितो. मानेवर उवा निघाल्या. उपचारानंतर केसांचे रोजचे काम काय?

दावणीवरून

उवांचे औषध दोन आठवड्यांनी पुन्हा द्यावे लागते का, ते पशुवैद्याला विचारा. बहुतेक औषधांनी लिखा मरत नाहीत.

मग रोज गार पाण्याने भिजवायचे, पाणी निथळून काढायचे आणि ब्लोअरने केस पुढे व वर फुंकत पूर्ण सुकवायचे. मुळाशी ओल राहिली तर कोंडा आणि बुरशी होते. साबण आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा; रोज लावला तर अंगचे तेल जाऊन केस तुटतात. खरारा नेहमी पुढच्या दिशेने वर, तिरका. उन्हाळ्यात दिवसा सावली आणि पंखा, रात्री मोकळ्यावर.

खूर साळायचे असतील तर प्रदर्शनाआधी चार-सहा आठवडे. आदल्या आठवड्यात साळले आणि थोडे जास्त निघाले तर लंगडत रिंगणात जाईल.

काठीचा (टोकाला आकडा असलेली, रिंगणात पाय जागेवर आणायची काठी) सराव आजपासूनच. आधी नुसते पोट खाजवायचे, म्हणजे काठी दिसली की ती शांत होते. पाय मागे घ्यायचा असेल तर खुराच्या फटीत हलके दाबायचे, पुढे घ्यायचा असेल तर आकडा मागच्या उपखुरांखाली लावायचा. चालताना मुलगी डाव्या बाजूला, दोरी उजव्या हातात. थांबले की दोरी डाव्या हातात, काठी उजव्यात.

वैरण_आंबोण

लसी आणि बूस्टर दोन ते चार आठवडे आधी पूर्ण करा. प्रवासाच्या ताणात फुफ्फुसाचे आजार पटकन धरतात. परत आल्यावर 21 दिवस वेगळ्या कुंपणात, बादली-खरारा वेगळा, आणि रोजचे काम कळप उरकल्यावर शेवटी. त्या काळात रोज सकाळी ताप बघा. 39.5 अंश सेल्सिअसच्या वर गेला, किंवा खोकला आणि नाकातून पू दिसला, की त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवा.